रेघेचे श्रेय : पिनस्ट्रायपिंगच्या समीक्षेतील कुंचल्याचे स्थान

मराठीत चित्र काढतात, आकृती रेखाटतात. रेघ मात्र ओढतात. मोटारगाडीच्या किंवा मोटारसायकलीच्या अंगावर हाताने बारीक रंगीत रेघा काढण्याच्या ज्या कलेला पाश्चात्त्य देशांत पिनस्ट्रायपिंग म्हणतात, तिच्या कारागिरांच्या इंग्रजी बोलीतही रेघ ओढलीच जाते. हे साम्य केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगे नाही. काढण्याच्या क्रियेत साधन हाताच्या आज्ञेत असते. ओढण्याच्या क्रियेत हातामागून काहीतरी येत असते आणि त्या मागून येणाऱ्या वस्तूला स्वतःचे वजन, लांबी आणि चाल असते. पिनस्ट्रायपिंगमध्ये मागून येणारी ही वस्तू म्हणजे कुंचल्याचे केस होत. या कलेच्या तंत्रपुस्तिकांत केसांची चर्चा विपुल आढळते. या कलेच्या समीक्षेत ती जवळजवळ आढळत नाही. रेघेचा कर्ता म्हणून समीक्षेने हात पाहिला, हातामागची व्यक्ती पाहिली, व्यक्तीमागची बंडखोर जीवनशैली पाहिली; कुंचला पाहिला नाही. या दुर्लक्षामुळे चांगली रेघ कोणती आणि सुमार रेघ कोणती हे सांगण्याची समीक्षेची क्षमताच क्षीण झाली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या कलेचे मूळ घोडागाड्यांत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील बग्ग्यांच्या चाकांचे आरे, दांडे आणि दरवाजांच्या कडा यांवर रेघा ओढणे हे रंगकामातील एक वेगळे, खास कौशल्य होते. आगगाडीची इंजिने, शिवणयंत्रे, सायकलींचे काळे सांगाडे यांवरही अशा रेघा असत. आरंभीच्या मोटारींकडे ही प्रथा वारशानेच आली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मोठ्या कारखान्यांतून ती बहुतांशी हद्दपार झाली. त्याच दशकात रंगाची कुपी आणि फिरते चाक असलेले ब्यूगलर नावाचे हातयंत्रही बाजारात आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्या कापून, बुटक्या करून त्यांना नवे रूप देणाऱ्या तरुणांच्या वर्तुळात ही कला पुन्हा उगवली, ती मात्र वेगळ्या वेषात. गाडीच्या कडेने धावणारी सरळ रेघ मागे पडली आणि बॉनेटवर, डिकीवर, डॅशबोर्डवर एकमेकींत गुंतलेल्या, टोकदार, सममित रेघांचे गुच्छ दिसू लागले.

समीक्षेचे लक्ष या कलेकडे वळले ते याच टप्प्यावर. टॉम वुल्फ यांचा कॅलिफोर्नियातील सजवलेल्या गाड्यांवरील निबंध १९६३ मध्ये नियतकालिकात आणि १९६५ मध्ये पुस्तकात प्रसिद्ध झाला. गाड्यांच्या या जगाला कलेचे जग म्हणून गंभीरपणे पाहणारे हे आरंभीचे महत्त्वाचे लेखन. वुल्फ यांची दृष्टी आकाराकडे होती. वाहत्या, उन्मत्त वक्राकारांना त्यांनी सरळ रेषांच्या संयमी आधुनिक चित्रकलेसमोर उभे केले. पुढे १९९३ मध्ये लगूना आर्ट म्युझियमने 'कस्टम कल्चर' हे प्रदर्शन भरवले. त्याच्या शीर्षकातच व्हॉन डच, एड रॉथ आणि रॉबर्ट विल्यम्स ही तीन नावे होती. कला संग्रहालयात शिरायची असेल तर तिला कलावंताचे नाव लागते, या नियमाला धरूनच ते झाले. पण त्या नियमाची किंमतही मोजावी लागली. रेघेचे वाचन चरित्राच्या वाचनात विरून गेले.

लांब केसांचे कोडे

या कलेत वापरला जाणारा प्रमुख कुंचला तलवारीच्या पात्यासारखा दिसतो; म्हणून त्याला 'सोर्ड स्ट्रायपर' हे नाव पडले. त्याची रचना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. केस सुमारे पाच सेंटिमीटर लांब, अत्यंत मऊ, तिरपे उतरत जाऊन टोकाला अणकुचीदार झालेले. दांडी मात्र बोटाच्या चिमटीत मावेल एवढी आखूड. चित्रकाराच्या कुंचल्यात दांडी लांब आणि केस आखूड असतात. येथे ते प्रमाण पुरते उलटले आहे.

नवशिक्याची समजूत अशी असते की, बारीक रेघेसाठी बारीक आणि आखूड कुंचला हवा. तो घेऊन तो बसतो आणि रेघ थरथरते. मग तो हाताला दोष देतो. वस्तुतः आखूड केसांचा कुंचला हाताचे फार इमानाने ऐकतो आणि तेथेच घात होतो. हाताला सूक्ष्म कंप असतोच; आखूड केस तो जसाच्या तसा पृष्ठभागावर उतरवतात. लांब केस पृष्ठभागावर आडवे टेकून फरफटत मागे येतात. रेघ पूर्ण होते ती केसांच्या टोकाशी, म्हणजे बोटांच्या बरीच मागे. मधल्या लांबीत हाताचा कंप जिरून जातो. पतंगाला शेपूट लावल्यावर तो गिरक्या घ्यायचा थांबतो, तसेच काहीसे येथे घडते. थोडक्यात, सरळ रेघ हाताची आज्ञा तंतोतंत पाळल्याने येत नाही, तर साधनाने ती थोडी उशिरा आणि थोडी सैल पाळल्याने येते.

लांब केसांचे दुसरे काम रंग साठवण्याचे. पात्याच्या रुंद भागात, म्हणजे कुंचल्याच्या पोटात, रंग भरून राहतो आणि केसांमधील फटींतून टोकाकडे सावकाश उतरत जातो. पोट मोठे तर एका भरणीत रेघ लांब. आखूड कुंचल्याला दर वितीवर रंगात बुडवावे लागते आणि प्रत्येक वेळी जुन्या रेघेच्या टोकावर नवी रेघ टेकवावी लागते. जोड जितके अधिक तितकी चूक होण्याची स्थळे अधिक.

ही सारी सोय सरळ रेघेपुरती. वळण आले की लांब केसांचे गुण अवगुण होऊ लागतात. गाडी वळली तरी तिच्यामागे बांधलेली दोरी आतल्या बाजूने कोपरा कापते, तसे मागचे केस वळणाच्या आत घसरतात आणि रेघ त्या जागी फुगते. त्यावरचा उपाय दुहेरी आहे. कारागीर हात किंचित उचलून केसांचा केवळ पुढचा भाग पृष्ठभागावर राहील असे करतो. आणि त्याच वेळी आखूड दांडी अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये हळूहळू फिरवतो, जेणेकरून पात्याची धार सतत रेघेच्या दिशेने राहावी. दांडी आखूड का, याचे उत्तर येथे मिळते: लांब दांडी चिमटीत अशी फिरत नाही, ती तळहाताला अडते. उरलेली बोटे, विशेषतः करंगळी, पृष्ठभागावर किंवा पत्र्याच्या कडेवर टेकून हाताला मार्ग देतात. रेघेची जाडी ठरते ती दाबावर. एकच कुंचला हलक्या हाताने केसाएवढी रेघ देतो आणि जरा दाबला की तिप्पट रुंद होतो.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात निरनिराळे प्रेक्षक चित्रातील निरनिराळ्या गुणांची प्रशंसा करतात असे सांगून आचार्यांच्या वाट्याला रेषेची प्रशंसा दिली आहे. आचार्य रेषा का वाखाणतात, याचे उत्तर बहुधा असे असावे की, रेषेत करणी लपत नाही. रंगाचा थर चूक झाकतो, अलंकार लक्ष वेधून घेतो. रेषा मात्र आपण कशी झालो ते सांगत राहते. हे सांगणे ऐकायचे तर साधनाची ओळख हवी. भारतीय लघुचित्रकारांना ती होती. खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवून ते आपले कुंचले करीत. विशेष म्हणजे पाश्चात्त्य रेघकारागिरांनी निवडले तेही खारीचेच केस, आणि त्यांचे जुने कुंचलेही पिसाच्या नळीतच बसवलेले असत. इंग्रजी कुंचल्यांची मापे तर पक्ष्यांच्या नावांनीच ओळखली जात: चंडोल, कावळा, बदक, हंस, राजहंस. मात्र लघुचित्रकाराला टोक हवे होते आणि रेघकारागिराला पोट. त्यामुळे प्राणी एक, साधने दोन झाली.

निवडीचा विवेक

अमेरिकेत या कुंचल्यांसाठी सर्वाधिक ओळखली जाणारी मॅक ब्रश ही मिशिगन राज्यातील जोन्सव्हिलची कंपनी १८९१ हे आपले स्थापनावर्ष सांगते. म्हणजे मोटारींच्या युगापूर्वी बग्ग्यांसाठी घडलेले साधन कॅलिफोर्नियातील बंडखोरांच्या हाती जवळजवळ न बदलता आले. नवतेचा एवढा गाजावाजा झालेल्या या चळवळीचे साधन पुरते सनातनी होते, ही बाब तिच्या इतिहासकारांना अडचणीची वाटली नाही. कारण ती त्यांच्या नजरेत आली नाही.

या कुंचल्यांचे क्रमांक शून्यांनी मोजतात. शून्ये वाढतील तसा कुंचला लहान. लहान कुंचल्याने रेघ बारीक येते ही समजूत अर्धीच खरी, कारण जाडी दाबाने ठरते. कुंचल्याचा आकार ठरवतो ते दोन गोष्टी: एका भरणीत किती दूर जाता येईल आणि किती लहान वळण घेता येईल. ट्रकच्या लांब बाजूसाठी मोठा, हेल्मेटवरील नक्षीसाठी लहान, असा साधा हिशोब त्यातून निघतो. वेलबुट्टीसारख्या गोल, पुनःपुन्हा वळणाऱ्या आकारांसाठी तलवारी कुंचला सोडून आखूड, गोल केसांचा वेगळा कुंचला घेतात.

केसांबाबत बाजारात बराच शब्दच्छल चालतो. 'उंटाचे केस' म्हणून विकल्या जाणाऱ्या कुंचल्यात उंटाचा एकही केस नसतो. खार, तट्टू, बकरी यांपैकी कोणाचे तरी केस असतात. खारीचे केस मऊ, रंग भरपूर धरणारे आणि स्वतःहून फारसे न उसळणारे असतात. हे न उसळणेच येथे मोलाचे आहे. बैलाच्या कानाचे किंवा कोलिन्स्की जातीच्या केसांत लवचिक उसळी असते. ती अक्षरे रंगवणाऱ्याला उपयोगी पडते, कारण त्याला प्रत्येक फटकाऱ्यानंतर केस पूर्ववत हवे असतात. रेघ ओढणाऱ्याला केस आडवे पडून राहणारे हवेत. कृत्रिम धाग्यांचे कुंचले आता बरेच सुधारले आहेत आणि पाण्याच्या रंगांसाठी ते अधिक सोयीचे ठरतात. तरी त्यांची उसळी आणि रंग धरण्याची मर्यादा यांविषयी जुन्या कारागिरांची तक्रार पुरती मिटलेली नाही. भारतात या निवडीला कायद्याचीही बाजू आहे. मुंगुसाच्या केसांचे कुंचले येथे एकेकाळी सर्रास विकले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगुसाला संरक्षण असल्याने असा व्यापार हा गुन्हा आहे. 'अस्सल केस' या शब्दांची भुरळ पडणाऱ्या कलाप्रेमीने ते केस कोणाचे हा प्रश्न विचारणे, हाही रसिकतेचाच भाग मानावयास हवा.

विकत आणलेला कुंचला मात्र अजून साधन झालेला नसतो. अनेक कारागीर त्याला ब्लेडने छाटतात, भरकटलेले केस काढतात, पोट हलके करतात. वापरून वापरून केस एका बाजूस वळण घेतात आणि तो कुंचला त्या एकाच हाताचा होऊन बसतो. रंग भरण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. कुंचला रंगात बुडवून थेट गाडीवर टेकवत नाहीत. आधी गुळगुळीत कागदावर तो मागेपुढे ओढून रंग केसांत मुरवतात, गरजेप्रमाणे टर्पेंटाइनने सैल करतात आणि पात्याला धार आणतात. त्यासाठी चकचकीत मासिकांची पाने उत्तम मानली जातात. गाड्यांच्या मासिकांनी या कलेवर केलेला हा बहुधा सर्वांत भरीव उपकार. या कागदावरच्या फटकाऱ्यांतच रंगाची घनता ठरते. रंग पातळ असेल तर रेघ पसरते आणि फिकटते, घट्ट असेल तर केस अडखळतात व रेघेची कड फाटते. काम संपल्यावर केस धुऊन, तेल लावून, पात्याचा आकार बोटांनी नीट बसवून कुंचला आडवा ठेवतात. केसांच्या मुळाशी रंग वाळला तर केस फाकतात आणि धार पुन्हा येत नाही.

व्हॉन डच : हकीकत आणि रेघ

केनेथ हॉवर्ड ऊर्फ व्हॉन डच (१९२९–१९९२) यांना आधुनिक पिनस्ट्रायपिंगचे जनक मानले जाते. त्यांच्याविषयी एक हकीकत नेहमी सांगितली जाते: गाडीच्या पत्र्यावर घासकामाचे ओरखडे राहून गेले होते, ते झाकण्यासाठी त्यांनी रेघांची नक्षी काढली आणि त्यातून नवी शैली जन्मली. हकीकत आकर्षक आहे. अपघातातून प्रतिभा प्रकटली, असे ती सुचवते. पण त्यांचे वडील पाट्या रंगविणारे कारागीर होते, या माहितीचे वजन त्या हकीकतीपेक्षा जास्त आहे. ज्या घरात कुंचले धुतले जातात, तेल लावून ठेवले जातात, त्या घरात वाढलेल्या मुलाला कुंचल्याचा स्वभाव सांगावा लागत नाही.

कॅलिफोर्नियन शैलीचे जे घटक तिच्या निर्मात्याच्या मनोवृत्तीचे आविष्कार म्हणून वाचले जातात, त्यांपैकी बरेचसे तलवारी कुंचल्याचे व्याकरण आहे. दाबून सुरुवात करावी आणि उचलत उचलत सोडावे, की रेघ आपोआप थेंबासारखी जाड होऊन शेपटीसारखी निमुळती होते. कट्यारीसारखी टोके, आसवासारखे आकार, एकमेकांना छेदून बाहेर पडणारे काटे हे सारे पात्याच्या तिरप्या कापात आधीच दडलेले असतात. याचा अर्थ व्हॉन डच यांचे श्रेय नाकारावे असा नाही. बग्गीच्या कारागिराने ज्या टोकांना दाबून टाकले, एकसारख्या जाडीच्या शिस्तीत बसवले, त्या टोकांना त्यांनी मोकळे सोडले. साधनात असलेली आणि दीडशे वर्षे चूक मानली गेलेली शक्यता त्यांनी शैली म्हणून स्वीकारली. हे मोठे काम आहे. पण ते समजण्यासाठी त्या साधनात काय होते हे माहीत असावे लागते.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मांडलेल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा येथे उपयोग होतो. आरशातील प्रतिमेसारखी डावी-उजवी सममिती हा संवाद. एकाच रेघेत जाड आणि बारीक यांचा खेळ हा विरोध. आणि मधली मोकळी जागा न भरता गुच्छ थांबवणे हा समतोल. अनेक सुमार कामांत संवाद असतो, विरोधही असतो; कोठे थांबावे हे कळलेले नसते. मर्ढेकरांची परिभाषा येथवर नेते. पुढे मात्र ती अपुरी पडते, कारण त्यांच्या दृष्टीने कलेचे माध्यम म्हणजे संवेदना; केस, तेल आणि रंगाची घनता यांना त्या सिद्धान्तात जागा नाही. सममितीचेच उदाहरण घ्यावे. उजव्या हाताने काम करणाऱ्याला एका बाजूचे वळण सहज ओढता येते, दुसऱ्या बाजूचे वळण ओढताना दांडी उलट फिरवावी लागते आणि मनगट अवघडते. अनुभवी कारागीर अवघड बाजू आधी ओढतात, कारण सोप्या बाजूने अवघड बाजूची नक्कल करता येते, उलट करणे कठीण. प्रेक्षकाला दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि तो संवादाचे सुख घेतो. जाणत्याला त्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात; त्यांतील एक दुसरीपेक्षा महाग पडलेली असते. संवेदनेच्या पातळीवर हा फरक दिसत नाही आणि तरीही कामाचे मोल ठरवताना तो वगळता येत नाही.

व्यक्तिकेंद्री समीक्षेची परिणती काय झाली हे एकविसाव्या शतकाच्या आरंभी दिसले. व्हॉन डच यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाचे हक्क विकले गेले आणि टोप्यांवर, सदऱ्यांवर ते नाव यंत्राच्या भरतकामाने झळकू लागले. त्यांच्या वर्णद्वेषी विचारांचा पुरावा देणारा मजकूरही प्रसिद्ध झाला. तेव्हा चाहत्यांची कोंडी झाली. कारण व्यक्तीच गौरवली असल्यामुळे व्यक्ती डागाळताच गौरवायला काही उरले नाही. रेघेविषयी स्वतंत्रपणे बोलण्याची सवय असती, तर माणसाचा धिक्कार आणि कामाचे मूल्यमापन ही दोन्ही कर्तव्ये वेगवेगळी पार पाडता आली असती.

न दिसणारे कौशल्य

व्हॉन डच यांच्या रेघेत हात दिसतो. गाडीच्या कडेने धावणाऱ्या एकेरी रेघेत तो दिसू नये अशी अपेक्षा असते, आणि समीक्षेपुढचा खरा पेच येथे आहे. रोल्स-रॉइसच्या इंग्लंडमधील गुडवूड येथील कारखान्यात गाडीच्या कुशीवर हाताने ओढली जाणारी रेघ सुमारे सहा मीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद असते. ती जितकी उत्तम, तितकी चिकटपट्टीने लावलेल्या रेघेसारखी दिसणार. मग हाताने कशासाठी ओढायची?

डेव्हिड पाय यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार सांगितले: ज्यात परिणाम आधीच निश्चित झालेला असतो ती निश्चितीची कारागिरी आणि ज्यात काम संपेपर्यंत परिणाम हाताच्या काळजीवर टांगलेला असतो ती जोखमीची कारागिरी. हाताची रेघ दुसऱ्या प्रकारात मोडते, हे उघड आहे. पण हाताच्या रेघेचे जाहिरातदार या जोखमीला जे नाट्यमय रूप देतात, ते तपासून घ्यावयास हवे. पक्क्या वाळलेल्या पृष्ठभागावर ओढलेली एनॅमलची रेघ ओली असेपर्यंत फडक्याने पुसता येते. कारागिराच्या खांद्यावर ते फडके असते आणि ते कोरडे नसते. जोखीम आहे ती एका चुकीने सर्वनाश होण्याची नव्हे. ती दर फटकाऱ्याला नव्याने उभी राहणारी, क्षुल्लक वाटणारी, कंटाळवाणी जोखीम आहे. पाय यांनाही अभिप्रेत होती ती अशीच. स्वतः पाय यांनी जोखमीच्या कामाला केवळ जोखमीपायी श्रेष्ठ मानले नव्हते, हेही विसरता कामा नये.

हाताची सरळ रेघ आणि पट्टीची रेघ यांत दहा पावलांवरून फरक दिसत नाही हे प्रामाणिकपणे मान्य करावे. वीतभर अंतरावरून तो दिसतो. पट्टीच्या दोन्ही कडा पृष्ठभागापासून पायरीसारख्या उठतात. कुंचल्याची रेघ मध्यभागी किंचित फुगीर आणि कडांकडे उतरती असते, त्यामुळे तिच्यावर प्रकाशाची एक बारीक धार धावते. जेथे कुंचला पुन्हा भरला गेला, तेथे जोड असतो. उत्तम कामात नवी रेघ जुनीच्या निमुळत्या टोकावर हवेतून उतरत आलेली असते आणि जोड केवळ बोटाला कळतो. मध्यम कामात तेथे गाठ दिसते. पट्टी जेथे संपते तेथे कापलेली असते. हे तीन पुरावे, म्हणजे प्रकाशाची धार, जोड आणि शेवट, वाचता येणे हा या कलेच्या समीक्षेचा पाया ठरावा. त्यांच्याविना 'हस्तनिर्मित' हा शब्द केवळ किंमत वाढवण्याचे निमित्त होतो.

याच पेचाचे भारतीय उदाहरण चेन्नईजवळील तिरुवोट्टियूरशी निगडित आहे. रॉयल एनफिल्डच्या बुलेटच्या पेट्रोलटाकीवरील सोनेरी रेघा हाताने ओढण्याची प्रथा त्या कारखान्यातून रूढ झाली आणि एकाच कुटुंबातील कारागिरांनी ती जोपासली. २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या बुलेट ३५० च्या जाहिरातीतही हाताने रंगवलेल्या रेघांचा अभिमानाने उल्लेख होता. टाकीचा आकार गुडवूडच्या सपाट कुशीपेक्षा अवघड. आसवासारखी फुगीर टाकी, तिच्यावरून रेघ पुढे जाते, वळते आणि परत येते. पट्टी अशा दुहेरी वक्र पृष्ठभागावर ताणली की सुरकुतते किंवा पुढे कडा सोडते. लांब केसांचा कुंचला मात्र पृष्ठभाग जसा वळेल तसा त्यावर पडून राहतो. सहा मीटरच्या सरळ रेघेत हाताचे समर्थन वादग्रस्त राहते. टाकीच्या वळणावर ते साधनानेच सिद्ध केले आहे. शिवाय येथील रेघ ना गुडवूडसारखी एकांतातील तीन तासांची साधना, ना कॅलिफोर्नियासारखी सही. दिवसाकाठी अनेक टाक्यांवर तीच रेघ, त्याच वेगाने ओढली जाते. या पुनरावृत्तीला यांत्रिक म्हणून खालचे स्थान देणे ही चूक ठरेल. वेग हा येथे गुणवत्तेचा भाग आहे: हळू ओढलेल्या रेघेत केसांची ओढ सुटते आणि हाताचा कंप पुन्हा डोके वर काढतो.

बुलेट जुनी होते, टाकीला पोचा पडतो, गावच्या गॅरेजात ती ठोकून पुन्हा रंगवली जाते. सोनेरी रेघेऐवजी बहुतेक वेळा स्टिकर बसतो. कधी एखादा हौशी मालक रेघ हातानेच हवी म्हणून अडून बसतो, तेव्हा जवळचा पेंटर बोलावला जातो. फ्लेक्स येण्यापूर्वी त्याने गावातल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, पतसंस्थांच्या पाट्या रंगवलेल्या असतात. त्याच्या डब्यात असतात ते अक्षरांचे कुंचले: चपटे, आखूड, उसळी असलेले. त्यांनी तो टाकीवर रेघ ओढतो, दर वितीवर रंग भरतो, आणि रेघ नागमोडी होते. मालक म्हणतो, पेंटरचा हात बसलेला नाही. पाटीवरच्या ओळींच्या कडा त्याच हाताने वीस वर्षे सुतासारख्या सरळ ठेवल्या होत्या.